सोळा-सातचं कुलूप

बारांकिया बंदराच्या तीस नंबर रस्त्यावर एनेइदा पातेर्नीनाला चेहऱ्याने ओळखणारी माणसं थोडी. आवाजाने मात्र सगळेच ओळखायचे. "चादिद ट्रान्सपोर्त, शुभ दिवस, बोला, कुठे जोडून देऊ?" एवढं एक वाक्य ती अशा काही लाघवाने म्हणायची की राजधानी बोगोताचे ताठ मानेचे कारकूनसुद्धा पलीकडे गडबडून जात. आणि प्रत्यक्षात बाई कशी? आडव्या अंगाची, कपाळाला कायम आठी, पायात घरच्याच सपाता. टेबलाच्या खणात कागदात गुंडाळलेली बुतिफारा, शेजारच्या सोलेदाद गावची ती लिंबू पिळून खायची बोटभर सॉसेजं. त्या खणाकडे कुणी नुसतं बघितलं तरी लाघव संपलंच म्हणून समजा.

शाळा सुटली तशी ती चादिदांच्या टेलिफोन बोर्डावर येऊन बसली, ती तिथेच पिकली. तेव्हा वायरींच्या पिना या भोकातून त्या भोकात खुपसाव्या लागत. पुढे बटणं आली, मग दिवे आले. नवरा कामासाठी वेनेझुएलाला गेला. त्याचा फोन दर रविवारी यायचा, मग महिन्याने, मग त्याच्या आवाजात दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली भांडी वाजायला लागली. एनेइदाने एक दिवस ती भांडी ऐकली, फोन ठेवला आणि परत उचलला नाही. आवाजावरून माणूस ओळखता येतो, असा तिचा तेव्हापासूनचा दावा.

संशय तर तिच्या हाडातच होता. दूधवाल्याचं दूध ती बोटावर घेऊन बघे, बसमध्ये शेजारचा हसला तर पर्स छातीशी धरे. एका माणसावर मात्र तिने कधी संशय घेतला नव्हता. धाकटा भाऊ उबाल्दो. हा चादिदांच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली स्टूल टाकून मिनिटं विकायचा. अंगात भडक पिवळं जाकीट, जाकिटाला साखळ्या, साखळ्यांना मोबाईल. ज्याला फोन करायचाय त्याने साखळी पुरेल तेवढ्या अंतरावर उभं राहून बोलायचं, मिनिटाप्रमाणे पैसे मोजायचे. बायका भांडायच्या, ड्रायव्हर मुलांची चौकशी करायचे, बंदरावरचे खलाशी हुंदके द्यायचे. उबाल्दो हाताच्या अंतरावर तोंड फिरवून उभा. सगळ्या रस्त्याची गुपितं त्याच्या पोटात, आणि तोंडातून कधी अवाक्षर नाही.

आता कंपनीतल्या टेलिफोनच्या पेटीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांमागे कंपनीत नवं एक्स्चेंज आलं. मालक डोन आब्दोन चादिद यांचा भाचा येसिद संगणक शिकून आला होता, त्यानेच ते बसवलं. अर्ध्या रस्त्यावरच्या कंपन्यांनाही त्यानेच बसवून दिलं होतं. सोय मोठी छान होती. ट्रक बुकारामांगाच्या घाटात बंद पडला की ड्रायव्हरने कंपनीचा नंबर फिरवायचा. एनेइदाचा टेप केलेला आवाज स्वागत करणार. मग चार आकडे दाबले की कंपनीची लाइन हातात येते, कुठेही लावा. ग्राहकाला लावा, गॅरेजला लावा, सासूला लावा.

ते चार आकडे कोणते असावेत, हा प्रश्न डोन आब्दोनना पडलाच नाही. सोळा जुलै म्हणजे कार्मेनमातेचा सण. ड्रायव्हरांची माता ती. त्या दिवशी ट्रक धुऊन, फुगे आणि कागदी फुलं लावून, भोंगे वाजवत मिरवणुकीने निघतात आणि पाद्रीबाबा एकेका इंजिनावर तीर्थ शिंपडत जातात. त्या वर्षी डोन आब्दोननी बाबांना हाताला धरून आत आणलं आणि टेलिफोनच्या पेटीवरही शिंपडायला लावलं. येसिद अंगातला शर्ट काढून पेटीवर पांघरत होता, "मामा, शॉर्ट होईल, मामा!" म्हणून ओरडत होता. मामांनी सगळ्यांसमोर आकडा जाहीर केला. एक, सहा, शून्य, सात. मातेचा दिवस. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या एनेइदानेही वाजवल्या, नाही असं नाही.

या वर्षी सान पेद्रोच्या सणाची सोमवारची सुट्टी रविवारला जोडून आली आणि कंपनी लागोपाठ दोन दिवस बंद राहिली. मंगळवारी सकाळी डोन आब्दोननी एनेइदाला केबिनमध्ये बोलावलं. आत एसीचा गारठा, कोपऱ्यात कार्मेनमातेची मूर्ती, तिच्या डोक्याभोवती लुकलुकणारे दिवे. येसिद हातात छापील कागदांचं भेंडोळं घेऊन उभा. त्याची नजर जमिनीवर.

"नीन्या एनेइदा," मालक म्हणाले. किनाऱ्यावर बाई साठीची झाली तरी तिला आदराने नीन्याच म्हणतात, पण आज त्या नीन्यात आदर नव्हता. "लॅटव्हियात तुझं कोण राहतं?"

"कुठे?"

"लॅटव्हिया. आणि सोमालिया. आणि मादागास्कर. सुट्टीभर आपल्या लाइनवरून तिकडे फोन चालू होते. एक संपला की दुसरा. टेलिफोन कंपनीने आज सकाळी लाइन तोडायची धमकी दिलीय. बिल भरायचं तर मला एक ट्रक विकावा लागेल. दोनसुद्धा."

"मादागास्करला तर आपला माल पण जात नाही," एनेइदा म्हणाली. तिला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

"मामा, मी सांगितलं ना," येसिद पुटपुटला. "तिकडे महागडे नंबर असतात. लाइन जितका वेळ चालू, तितका पैसा नंबरवाल्याच्या खिशात. चोर दुसऱ्याच्या कंपनीत बाहेरून शिरतात आणि स्वतःच्याच नंबरला फोन लावून ठेवतात. पलीकडे कुणी बोलतसुद्धा नाही."

"शिरतात, पण कसे शिरतात?"

"आकडा लागतो."

"आकडा कुठून मिळतो?"

येसिदने मान आणखी खाली घातली. "आतलंच कुणीतरी देतं, मामा. बहुतेक."

हे 'बहुतेक' डोन आब्दोनच्या कानापर्यंत पोचलंच नाही. "वॉचमन सांगतो, रविवारी तू इथे आली होतीस. भावाला घेऊन."

एनेइदा खरंच आली होती. उबाल्दोच्या वस्तीतली वीज नेहमीप्रमाणे गेली होती, मोबाईल मेले होते, आणि सणाच्या दिवशी मिनिटं विकली नाहीत तर पोरांनी खायचं काय? तिने मागचं दार उघडून ते सगळे मोबाईल बोर्डाजवळच्या प्लगांना लावले होते. "चार्जिंग करायला आले होते. तुमची चार घोट वीज खाल्ली, ती पगारातून कापा."

"भाऊ फोनची मिनिटं विकतो. बहीण फोनच्या बोर्डावर बसते. भावाचं स्टूल माझ्याच फाटकाला लागून. आणि सुट्टीत माझी लाइन सोमालियाला जाते! मी मूर्ख दिसतो का तुला?"

"हो म्हणू की नाही म्हणू?"

"बघ, बघ जीभ!" डोन आब्दोन उठून उभे राहिले. "कार्मेनमातेच्या सणापर्यंत वेळ देतो. लाइन कुणाला विकलीस ते सांग. नाही सांगितलंस तर सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर फाटकाबाहेर काढीन. मग बघतो या रस्त्यावर कोण तुला दारात उभी करतं ते."

धमकी पोकळ नव्हती. तीस नंबरचा रस्ता लांब असला तरी मालक सगळे एकाच क्लबात डोमिनो खेळतात. चोर म्हणून एका फाटकातून निघालेली बाई दुसऱ्या फाटकात शिरत नाही, आणि या वयात तिला दुसरा धंदा शिकवणार कोण? पण एनेइदाला झोंबलं ते वेगळंच. लाइनीचा आकडा भाच्याला ठाऊक, ड्रायव्हरांना ठाऊक, हिशेबाच्या पोरीला ठाऊक, खुद्द पाद्रीबाबांना ठाऊक. काही हरवलं की यांची नजर मात्र सपातांकडेच वळते. बुटांकडे का वळत नाही?

त्याच दुपारी तिचा हेडफोन हिशेबाच्या पोरीच्या डोक्यावर चढला आणि एनेइदाची रवानगी गोदामात पावत्या लावायला झाली. गंमत बघा, बाई हाकलली, पण टेप तसाच ठेवला. बाहेरून फोन आला की भिंतीपलीकडून तिचाच आवाज लाघवाने म्हणायचा, "चादिद ट्रान्सपोर्त, शुभ दिवस..." एनेइदा पोत्यावर बसून स्वतःचा आवाज ऐकायची आणि दात खायची.

मग तिने आपला तपास सुरू केला. पहिला नंबर लागला मार्सेलीनो ड्रायव्हरचा. हा म्हणे पोरीला स्पेनमध्ये पाठवून बसला होता, आणि रोज तिच्याशी बोलतो अशी फुशारकी मारायचा. रोज! ड्रायव्हरच्या पगारात! जेवणाच्या टपरीवर त्याच्या पुढ्यात तळलेला मासा आल्याबरोबर ती समोर जाऊन बसली.

"पोरगी कशी आहे, मार्सेलीनो?"

"मजेत."

"फोन लागतो ना नीट? कुठून लावतोस?"

मार्सेलीनोने मासा खाली ठेवला. "सरळ विचार, नीन्या एनेइदा. आडून नको."

"सरळच विचारते. आमच्या लाइनीवरून लावतोस का?"

"पहिला महिना लावला," तो म्हणाला. "मग लाज वाटली. आता उबाल्दोकडून लावतो. तुझ्याच भावाला विचार. रोज नाही, आठवड्याने लावतो. बाकीचे दिवस मी खोटं सांगतो." तो उठला, अर्धा मासा तसाच टाकून. "आणखी एक. तू बोर्डावर होतीस तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही की तू दुपारी बूट... सपाता काढून पाय टेबलावर टाकून झोपतेस. पुढेही सांगणार नाही. पण तू आज मला चोर म्हणालीस."

मासा खाणाऱ्या सगळ्या टपरीने ऐकलं. एनेइदा मान वर ठेवून टपरीबाहेर पडली.

मग येसिद. त्याने नवी मोटरसायकल घेतली होती, लाल. एनेइदाने गाडीभोवती दोनदा फेरी मारली, टाकीवर बोट फिरवून बघितलं. येसिद धावत आला. "हप्त्यावर आहे, नीन्या! हप्त्यावर! अजून सगळे भरायचेत!" पोराच्या तोंडावर इतकी घाबरगुंडी होती की ती म्हणाली, "मग गंज धरू देऊ नकोस," आणि परत फिरली. त्याच्यावरचा संशय काही गेला नाही. पण तो लपवत असलेलं दुसरंच काहीतरी आहे, असं तिला वाटलं. ते काय, हे पुढे कळेल.

उरलं कोण?

तो विचार तिने बरेच दिवस दाराबाहेर उभा ठेवला. पण गोदामाच्या खिडकीतून बदामाचं झाड दिसायचं. झाडाखाली पिवळं जाकीट दिसायचं. एकदा एक उंच, पांढुरका खलाशी दिसला. मोबाईल कानाला, तोंडाने कुठलीतरी खरखरीत भाषा. बोलणं संपेना. उबाल्दो हसतोय, त्याच्या खांद्यावर थाप मारतोय. लॅटव्हियाचे लोक कसे दिसतात हे एनेइदाला ठाऊक नव्हतं. पण असेच दिसत असणार, हे तिने ठरवून टाकलं. रविवारी मोबाईल चार्जिंगला लावून ती कॉफी करायला आत गेली होती. तेवढा वेळ बोर्डाजवळ कोण होतं? उबाल्दो. एकटा.

ती पावत्या तशाच टाकून भर उन्हात रस्त्यावर आली.

"उबा, कोण होता तो?"

"गिऱ्हाईक. पोलंडचा. आईला फोन करत होता. काय सुंदर माणूस गं, चिल्लर परत घेत नाही."

"उबा, कंपनीचा आकडा काय आहे?"

"कुठला आकडा?"

"ट्रकवाले दाबतात तो."

"सोळा-सात. का?"

त्याची पापणीसुद्धा लवली नाही. एनेइदाने त्याचं जाकीट दोन्ही मुठींत पकडलं आणि असा हिसका दिला की साखळ्या खळाखळा वाजल्या आणि एक मोबाईल सुटून गटाराच्या काठावर पडला. "मेल्या! माझ्या पाठीमागे! मी तुझ्यासाठी मागचं दार उघडलं आणि तू?"

"मी काय? आहा, मग? मी काय केलं?"

"मी तुला आकडा कधी सांगितला? बोल! कधी?"

"तू कशाला सांगायला पाहिजे?" उबाल्दोही आता ओरडत होता, आणि गिऱ्हाइकं साखळ्यांच्या टोकांना लटकल्यासारखी उभी होती. "ट्रकवाल्यांच्या कंपनीचा आकडा दुसरा कुठला असणार? नाताळ? समोरच्या पार्किंगच्या कुलपाला काय आहे? सोळा-सात. टायरवाल्याच्या तिजोरीला? सोळा-सात. ड्रायव्हर बँकेतून पैसे काढतात ते काय आकडा दाबतात, तुला काय वाटतं? मी रोज इथे उभा असतो, बाई. या रस्त्यावर आणखी कुठला आकडा आहे तरी का!"

एनेइदाच्या मुठी सैल झाल्या. उबाल्दोने गटाराकाठचा मोबाईल उचलला, जाकिटाला पुसला, आणि समोरच्या हिरव्या फाटकाकडे बघत नंबर फिरवला. ते फाटक चादिदांच्या कट्टर दुश्मन असलेल्या मालवाहतूक कंपनीचं होतं. मोबाईल त्याने बहिणीच्या कानाला लावला. एक पुरुषी आवाज स्वागत करत होता. उबाल्दोने अंगठ्याने चार बटणं दाबली. आवाज तुटला, आणि तिच्या कानात सरळ, मोकळी डायलटोन घुमायला लागली. येसिदनेच बसवलेली तीच पेटी. हव्या त्या देशाचं दार उघडं.

तिने फोन कट केला. आता येसिदची घाबरगुंडी तिला कळली. पोराला माहीत होतं. त्याने अर्ध्या रस्त्याला अशीच उघडी दारं बसवली होती. कुणी बंद करत नव्हतं, आणि मामांच्या मातेच्या आकड्याला हात लावायची त्याची छाती नव्हती.

"उबा..."

"मोबाईलची काच फुटली," उबाल्दो म्हणाला. त्याने स्टूल उचललं, साखळ्या गोळा केल्या आणि रस्ता ओलांडून हिरव्या फाटकाच्या सावलीत जाऊन बसला. तिच्याकडे पाठ करून.

कार्मेनमातेच्या सणाला सकाळपासून भोंग्यांनी रस्ता दणाणला. ट्रकांना फुगे, आरशांना निळ्या रिबिनी, पहिल्या ट्रकावर माता स्वतः, कागदी गुलाबांत. डोन आब्दोन पांढऱ्या शर्टात, हातात मेणबत्ती. सगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच मिरवणुकीत असतात. त्या दिवशी दुश्मनी नसते. पाद्रीबाबा इंजिनांवर तीर्थ शिंपडत चादिदांच्या फाटकाशी आले, तेवढ्यात एनेइदा पुढे झाली. सणासाठी तिने बूट घातले होते.

"डोन आब्दोन, मुदत आज संपली. नाव सांगते. आधी जरा कान द्या."

तिने हातातला मोबाईल त्यांच्या कानाला लावला. उबाल्दोचा नव्हे, टायरवाल्याकडून मागून आणलेला. डोन आब्दोनना कानात ऐकू आलं, "चादिद ट्रान्सपोर्त, शुभ दिवस..." तिने चार बटणं दाबली. डायलटोन.

"कुठे लावू? लॅटव्हियाला?"

"तुला आकडा माहीत आहे, यात काय मोठं? तेच तर मी म्हणतोय!"

"बरं." ती वळली. समोर हिरव्या फाटकवाल्यांचा एक पोट सुटलेला ड्रायव्हर मेणबत्ती धरून उभा होता. "ए भाऊ, तुमच्या कंपनीचा आकडा काय रे?"

तो मेणबत्तीकडे बघत राहिला.

"चादिदांचा काय असेल, अंदाज कर."

"मला काय माहीत, नीन्या," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"टायरवाले, तुमच्या तिजोरीचा?" टायरवाला एकदम आपल्या बुटांची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती. आता सगळी रांग हसायला लागली. एनेइदा थांबली नाही. तिचा पारा चढला की ती पाद्रीबाबांनाही सोडत नसे. "बाबा, तुमच्या देवळाच्या दानपेटीचं कुलूप?"

पाद्रीबाबांनी आकाशाकडे बघितलं, घसा खाकरला, आणि जवळच्या एका ट्रकावर पुन्हा एकदा तीर्थ शिंपडलं. त्या ट्रकावर नुकतंच शिंपडून झालेलं होतं.

हसण्याचा लोट उठला. डोन आब्दोन मात्र हसले नाहीत. त्यांनी मेणबत्ती पहिल्या ट्रकाकडे रोखली. "मातेच्या दिवशी, मातेच्या समोर, तू मातेची चेष्टा करतेस?"

"मातेची चेष्टा मी नाही केली, तुम्ही केलीत," एनेइदा म्हणाली. "तिने तुमचे ट्रक घाटात सांभाळले. एकही दरीत गेला नाही. तो तिचा धंदा आहे. टेलिफोन सांभाळायचा म्हणून तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या नावाचं दार उघडं टाकलंत, त्यातून जगातला कुणीही शिरला, आणि तुम्ही माझ्या भावाच्या साखळ्या मोजत बसलात. चोराचं नाव मला ठाऊक नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही. चोराला आत यायला कुणाला फितवावं लागलं नाही, एवढं तरी कबूल करा."

 मेणबत्तीचं मेण डोन आब्दोनच्या बोटांवरून ओघळत होतं, तेही त्यांना कळलं नसावं. येसिद मागून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मामा, बाई बरोबर बोलतेय. मला माहीत होतं. मी भ्यालो."

दुसऱ्या दिवशी येसिदने पेटी उघडली. परदेशची लाइन सरसकट बंद. कुणाला हवीच असेल तर त्याने बोर्डावरच्या बाईला तोंडी सांगायचं, कुणाला आणि कशासाठी, आणि तिनेच जोडून द्यायचं. सुट्टीत आणि संध्याकाळनंतर लांबचे फोन बंद. ड्रायव्हरने बाहेरून फोन केला तर त्याला ग्राहक, गॅरेज आणि गोदाम एवढेच नंबर लागणार, तेही प्रत्येकाने आपापला वेगळा आकडा दाबला तर. सासू बाद. ड्रायव्हर कुरकुरले, पण मार्सेलीनो म्हणाला, "सासू बाद झाली हा फायदाच," आणि कुरकुर थांबली.

डोन आब्दोननी हिशेबाच्या पोरीकरवी निरोप धाडला, बोर्डावर येऊन बस म्हणून. एनेइदाने पोत्यावरून न उठता उलट निरोप दिला. ज्या तोंडाने चोर म्हणालात, त्याच तोंडाने येऊन सांगा, आणि वॉचमनला बरोबर घेऊन या. अख्खा दिवस मालक आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले. वॉचमन मागे टोपी हातात घेऊन. डोन आब्दोननी गोदामाच्या छताकडे बघत सांगितलं, "एनेइदाने काही विकलं नव्हतं. चूक माझी होती." एवढंच. जास्त काही नाही. तिने पावत्या बाजूला ठेवल्या आणि उठली.

ती बोर्डावर बसल्यावर येसिदने मामांना मुख्य आकड्याचं विचारलं. हा आकडा सगळ्या बंद्या उघडतो, तो नवा ठेवायचा होता.

"मला सांगू नका," एनेइदा म्हणाली.

"तूच तर जोडून देणार ना परदेश?" डोन आब्दोन म्हणाले.

"माझ्यापुरतं बटण येसिद मला देईल. तो मोठा आकडा मला नको. उद्या काही झालं तर तुमची नजर आधी कुणाकडे जाईल, ते आता मला कळलंय."

डोन आब्दोन जरा ओशाळले. मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढला, तिच्याकडे पाठ केली, खांदा आडवा धरला आणि चार बटणं दाबली. टू, टी, टू, टी. बोर्डावर आयुष्य काढलेल्या बाईला बटणांचे सूर कळतात, त्याला ती काय करणार? शून्य, दोन, शून्य, दोन. दोन फेब्रुवारी. आणखी एका मातेचा सण.

"डोन आब्दोन," तिने हेडफोन नीट बसवत म्हटलं, "कांदेलारियामाता पण नको."

येसिदने हसू दाबलं. डोन आब्दोननी दचकून मागे बघितलं, पुन्हा पाठ केली, आणि या वेळी बराच वेळ विचार करून काहीतरी दाबलं. तिने दोन्ही कानांवर घट्ट हात धरले होते.

दुपारी तिने हेडफोन काढला. खिडकीतून बदामाचं झाड दिसत होतं, खाली कुणी नव्हतं. मालकाकडून तिने साक्षीदारासमोर शब्द वसूल केला होता. तिच्या स्वतःच्या तोंडातला शब्द अजून बाकी होता. तो तर भरल्या माणसांतच द्यायला हवा होता. तिने खणातली बुतिफारा घेतली, फुटलेल्या काचेचे पैसे घेतले, सपाता पायांत सारल्या आणि रस्ता ओलांडून हिरव्या फाटकाशी गेली.

उबाल्दोभोवती गिऱ्हाइकांचा घोळका होता. एक बाई साखळीच्या टोकाला नवऱ्याशी भांडत होती. एनेइदा त्या सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिने बोर्डावरचा तो लाघवी आवाज अजिबात न काढता, आपल्या घरच्या आवाजात, मोठ्याने सांगितलं, "मी माझ्या भावाला चोर म्हणाले होते. तो चोर नाही. मी उगाच संशय घेतला."

भांडणारी बाई बोलायची थांबली. पलीकडून नवरा "हॅलो, हॅलो" करत राहिला.

उबाल्दोने बहिणीकडे बघितलं नाही. त्याने तिने पुढे केलेला कागद उघडला, एक सॉसेज तोडलं, लिंबू आहे का ते तपासलं. लिंबू होतं.

"आहा, मग?" तो तोंड भरून म्हणाला. "एवढंच? इथे मिनिटाला पैसे लागतात, बाई. अजून काही बोलायचं असेल तर लवकर बोल."

तिला अजून बरंच बोलायचं होतं. त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं.